आण्णा आणि नवा कोच

कोल्हापुरात फुटबॉलचा कोच व्हायला परवाना लागत नाही, गॅलरीत जागा लागते. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की खाली रेषेजवळ दोन कोच उभे असतात आणि वर काही हजार बसलेले असतात. ‘आऊट काढ त्याला’, ‘लेफ्टला मोकळा हाय की’, ‘शॉट मार, वाट कुणाची बघायलाईस’ अशा सूचना खालच्या दोघांना अखंड पोचत राहतात. वरचे बहुतेक कोच हंगामी. शेवटची शिट्टी झाली की गाडीला किक मारून ते पुन्हा बँकेत, दुकानात, गुळाच्या अडतीवर रुजू होतात. आण्णा मात्र बारमाही कोच आहेत.

आण्णा हा एकच माणूस आहे असं कुणी समजू नये. पाटाकडील तालमीचा एक आण्णा आहे, शिवाजी तरुण मंडळाचा एक, खंडोबाचा, दिलबहारचा, बालगोपालचा, प्रॅक्टिसचा, फुलेवाडीचा, प्रत्येकाचा एकेक. वय पंचावन्नच्या पुढं. एक गुडघा कामातून गेलेला. तो ऐन भरात असताना गेला नसता तर आण्णा संतोष ट्रॉफी खेळले असते. शहरातले असे सगळे गुडघे शाबूत राहिले असते तर महाराष्ट्राला संतोष ट्रॉफीसाठी दोन-तीन जादा बसगाड्या कराव्या लागल्या असत्या. मी लिहितोय ते आमच्या गल्लीतल्या आण्णांविषयी. नमुना म्हणून ते चालावेत.

सामना झाल्यावर त्याविषयी कुणीही बोलतो. आण्णांचा खरा हंगाम सुरू होतो तो कुठल्यातरी संघाला नवा कोच मिळाल्याची बातमी आली की. तालमीच्या संघाला मिळो, भारताला मिळो, नाहीतर पुतण्याच्या लाडक्या मँचेस्टर युनायटेडला मिळो. त्या दिवशी आण्णा कट्ट्यावर जरा लवकर येतात, पेपरची घडी मांडीखाली ठेवतात आणि कुणी विषय काढेपर्यंत गप्प बसतात. विषय निघाला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘‘माणूस भारी हाय.’’ मग ते चहाचा घोट घेतात. कट्ट्यावरचे सगळे थांबतात, कारण पुढचा शब्द सगळ्यांना पाठ असतो.

‘‘पण...’’

या ‘पण’वर आण्णांचा सगळा डोलारा उभा आहे. कोच यशस्वी झाला, तर ‘माणूस भारी हाय’ हे कुणी म्हटलं होतं? कोच पडला, तर ‘पण’ कुणी म्हटलं होतं? एका वाक्यात दोन्ही गोलपोस्ट राखणारा असा किपर मी दुसरा पाहिला नाही.

नवा कोच म्हणजे आण्णांच्या लेखी नवा भाडेकरू. माडीवरची खोली ते कॉलेजच्या मुलांना देतात, त्यामुळं चौकशीचा त्यांना सराव आहे. आधी कुठं होतास? तिथून का निघालास? बरोबर किती माणसं आणणार? हे तिन्ही प्रश्न ते फुटबॉल कोचलाही जसेच्या तसे लावतात, आणि खरं सांगायचं तर भारतीय फुटबॉल महासंघाच्या तांत्रिक समितीनं याहून खोल काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. चौथा प्रश्न मुदतीचा. डेव्हिड मॉयेसनं २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडशी सहा वर्षांचा करार केला आणि दहा महिन्यांत त्याला जावं लागलं. हे ऐकल्यापासून आण्णांचं मत पक्कं आहे: ‘‘आम्ही अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करतो ते काय येडं म्हणून? त्यांनी ते सुद्धा पुरं करून दिलं न्हाई.’’

२०२५ च्या जुलैत आण्णांना कधी नव्हे तो सुगीचा काळ आला. मानोलो मार्केझ हे स्पॅनिश गृहस्थ एफसी गोवा आणि भारत असे दोन्ही संघ एकाच वेळी सांभाळत होते. (‘‘दोन तालमींचं मीठ खाणारा पैलवान कुणाकडून लढणार?’’ हे आण्णांचं ‘पण’ तेव्हापासूनचं.) त्यांच्या हाताखाली भारत आठ सामने खेळला, जिंकला एक, तोही मालदीवशी. त्यासाठी निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला पुन्हा बोलवावं लागलं. जूनमध्ये हाँगकाँगनं आपल्याला हरवलं आणि जुलै उजाडताच मार्केझ मोकळे झाले. जागतिक क्रमवारीत आपण तेव्हा १३३ वर. अशा संघाच्या कोचपदासाठी महासंघाकडे १७० अर्ज आले. देशात नोकऱ्यांची काय परिस्थिती आहे ते यावरून कळावं.

त्या १७० मध्ये एक अर्ज झावीचा निघाला. बार्सिलोनाचा झावी, विश्वचषक जिंकलेला. एक पेप ग्वार्डिओलाचाही होता. दोन्ही ईमेलनं आलेले. झावी परवडणार नाही म्हणून त्याचा विचार झाला नाही, अशी बातमी एका सकाळी आली. दुसऱ्याच दिवशी महासंघानं खुलासा केला की ते ईमेल खरे नव्हते. जगभर हसू झालं. पण त्या मधल्या एका दिवसात आण्णांनी झावीचा जो पंचनामा केला तो ऐकण्यासारखा होता. अर्ज खोटा असेल ही शंका त्यांना शिवलीसुद्धा नाही. शंका होती ती झावीविषयी.

‘‘माणूस भारी हाय. पण इथं त्याचं जमायचं न्हाई.’’

‘‘का, आण्णा?’’

‘‘मर्दा, त्यानं काय सांगायचं? एक टच, दोन टच, पास दे, पळ. आपल्या पोरांचा पहिला टच चार फूट लांब जातोय. दुसरा टच मारायला बॉल तिथं असाय नको?’’

खुलासा आल्यावर आण्णा जरा हिरमुसले. झावीला नाकारण्याचा मान महासंघानं त्यांच्याकडून काढून घेतला होता.

१ ऑगस्टला नाव जाहीर झालं: खालिद जमील. शेवटच्या तिघांत स्टीफन कॉन्स्टंटाईन होते, स्लोव्हाकियाचे श्टेफान तारकोविच होते, आणि निवड झाली आपल्या माणसाची. २०११-१२ मध्ये गोव्याचे सावियो मदैरा होते, त्यानंतर इतक्या वर्षांनी भारताला कायमस्वरूपी भारतीय कोच मिळाला. आण्णा त्या दिवशी अक्षरशः हलले होते. ‘पण’ यायला नेहमीपेक्षा चांगली पाच मिनिटं जास्त लागली.

त्यालाही कारण आहे. खालिद जमील म्हणजे आण्णांना मनापासून पटावा असा माणूस. जन्म कुवेतचा, उमेदीची वर्षं सगळी मुंबईत गेलेली. महिंद्रकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, आणि मग मुंबई एफसीचा कोच होऊन वर्षानुवर्षं तो गरीब संघ आय-लीगमध्ये तगवून धरला. विजेतेपद नाही, गाजावाजा नाही; फक्त खाली घसरायचं नाही. मग त्यांची तिथून रवानगी झाली. ते गेले मिझोरामला, ऐजॉल एफसीकडे. हा संघ आदल्या हंगामात खाली फेकला गेला होता, कसाबसा परत घेतला होता. २०१६-१७ च्या हंगामात त्याच संघाला घेऊन खालिदनी मोहन बागान आणि ईस्ट बंगालला मागं टाकलं आणि आय-लीग जिंकली. ज्या मुंबईनं त्यांना सोडलं होतं ती त्याच हंगामात तळाला गेली. ही गोष्ट आण्णा इतक्या रंगून सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, शिलाँगच्या शेवटच्या सामन्याला ते स्वतः बेंचवर होते.

‘‘धनी सुटला की वाडा पडतोय, बघ,’’ हा समारोप. मग आण्णांनी चहा मागवला. आणि मग आलं.

‘‘पण लेका, डिफेन्सिव्ह लई.’’

हे ‘डिफेन्सिव्ह लई’ म्हणजे काय ते समजावण्यासाठी आण्णांनी भडंगाचा पुडा फोडून पेपरवर ओतला. शेंगदाणे वेचून चारांची बचावफळी लावली. गोलकिपर म्हणून तळलेली लसणाची पाकळी. त्यांच्या पुढं आणखी चार दाणे, तेही गोलक्षेत्राच्या तोंडाशी. आघाडीला दोन चुरमुरे. ‘‘ह्ये खालिदचं फुटबॉल. बॉल दुसऱ्याकडं ऱ्हाऊ दे. गोल आपल्यावर नको. मिळाला बॉल, की हाणला लांब.’’ असं म्हणून त्यांनी बडीशेपेचा एक दाणा टिचकीनं उडवला, तो थेट गटारात गेला. तेवढ्यात आमच्यातल्या एकानं बोलण्याच्या नादात मधला शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. स्टॉपर गेला. आण्णा चिडतील असं वाटलं, पण ते उलट खुलले.

‘‘बघिटलंस? ऐन वेळी माणूस उचलायचा! ह्येच मोहन बागानवाले कराय लागल्यात.’’

ते खरंच होतं. १५ ऑगस्टपासून बंगळुरूत शिबिर सुरू झालं आणि मोहन बागाननं आपले खेळाडू सोडायला नकार दिला. त्यातच इंडियन सुपर लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपत आलेला, नवा होईना, म्हणून जुलैतच आयोजकांनी पुढचा हंगाम थांबवून ठेवला होता. कोच नेमला, पण त्याच्या देशात लीग नाही आणि शिबिरात पुरे खेळाडू नाहीत. भडंगाची पाटी त्यामानानं भरलेली होती.

आण्णांच्या आशेला उगीच हसू नये. ती इतिहासातून आलेली आहे. हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम कोच असताना भारतानं १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं जिंकली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला, हे आण्णांना ‘मैदान’ चित्रपट येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. चित्रपट आल्यावर त्यांनी एवढंच केलं, की रहीमसाहेबांचा उल्लेख ‘तो अजय देवगण’ असा करायला लागले. शंका मात्र स्वतः पाहिलेल्या गोष्टींतून आलेली. जानेवारी २०१९ मध्ये कॉन्स्टंटाईनच्या संघानं अबुधाबीत थायलंडला ४-१ नं लोळवलं तेव्हा गल्लीत फटाके उडाले. आठ दिवसांनी भरपाई वेळेत बहारीननं पेनल्टीवर गोल केला, आपण बाहेर पडलो आणि कॉन्स्टंटाईननी राजीनामा दिला. उरलेले फटाके आण्णांनी जपून ठेवले. ते पुढं तालमीच्या सामन्याला उपयोगी पडले.

त्यानंतर आले इगोर स्टिमाच. १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचा बचावपटू, उंचापुरा, बोलायला तिखट. ‘‘माणूस भारी हाय’’ला इतकं सहज बसणारं गिऱ्हाईक पुन्हा मिळणं नाही. २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली, की आदल्या वर्षी अफगाणिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी खेळाडूंच्या जन्मवेळा ज्योतिष्याकडे गेल्या होत्या आणि कुणाला खेळवावं यावर त्याचा सल्ला आला होता. देशभरातले क्रीडा पत्रकार खवळले. आण्णा शांत होते.

‘‘पत्रिका दाखवली तर बिघडलं कुठं? मॅच २-१ नं जिंकली की आपण.’’

‘‘आणि २०२४ ला गुवाहाटीत त्याच अफगाणिस्ताननं आपल्याला २-१ नं हरवलं, ते?’’

‘‘तवा ज्योतिषी न्हवता. आम्ही ज्योतिषी काढला, कोच ठेवला. उलटं कराय पायजे हुतं.’’

पुढं दोहात कतारच्या खेळाडूनं रेषेबाहेर गेलेला चेंडू ओढून आत आणला आणि त्यावर गोल दिला गेला, तेव्हा आण्णा स्टिमाचवरचा सगळा राग विसरून आठवडाभर पंचाच्या मागं लागले होते. त्या आठवड्यातच स्टिमाचना काढलं. आण्णांना दोन्ही दुःखं एकदम झेपली नाहीत.

पुतण्याची गोष्ट निराळी. तो पडला मँचेस्टर युनायटेडचा. त्यामुळं घरात कोच बदलण्याची बातमी ही दिवाळी-दसऱ्यासारखी ठरलेली. फर्ग्युसन गेल्यापासून मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शायर, रांगनिक, टेन हाग, अमोरिम अशी माळ त्याला तोंडपाठ आहे. सोल्शायर हंगामी होता तेव्हा जिंकत सुटला, म्हणून २०१९ च्या मार्चमध्ये त्याला कायम केला. कायम झाला आणि ढिला पडला. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या आण्णांना यात नवल असं काही वाटलं नाही.

मात्र पुतण्याकडून आण्णांनी एक हत्यार घेतलंय: सर ॲलेक्स फर्ग्युसन. १९८६ च्या नोव्हेंबरात आला, पहिला चषक मिळाला १९९० च्या मेमध्ये. मधे १९८९ ला त्यांच्याच स्टेडियमवर त्यांच्याच चाहत्यानं ‘तीन वर्षं कारणंच ऐकतोय, आता निघा’ अशा अर्थाचा फलक धरला होता. काढला असता तर पुढचं सगळं बुडालं असतं. कोचवर आशा असते तेव्हा आण्णा फर्ग्युसन बाहेर काढतात: ‘‘थांबाय लागतंय, मर्दा.’’ शंका आली की मॉयेस: ‘‘वेळीच काढाय पायजे.’’ एका खिशात फर्ग्युसन, दुसऱ्या खिशात मॉयेस. हात कुठल्या खिशात जाईल ते आदल्या सामन्याचा गोलफलक ठरवतो.

ऑगस्टच्या अखेरीला हात फर्ग्युसनच्या खिशात गेला आणि महिनाभर तिथंच राहिला. मध्य आशियातल्या एका स्पर्धेत ताजिकिस्तानला आपण त्यांच्या घरी २-१ नं हरवलं. अन्वर अली, संदेश झिंगन यांचे गोल, गुरप्रीतनं पेनल्टी अडवलेली. इराणनं तीन घातले ते आण्णांनी हिशेबात धरले नाहीत (‘‘इराण इराण हाय’’). तिसऱ्या जागेसाठी ओमानशी १-१ आणि टायब्रेकरवर विजय. त्या रात्री आण्णा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सगळ्यांना धारोष्ण दूध पाजायला घेऊन गेले. पैसे त्यांनी दिले. ही घटना मी मुद्दाम नोंदवून ठेवतोय.

आणि मग फातोर्डा.

आशियाई चषकाच्या पात्रतेत गटातून एकच संघ पुढं जाणार होता. सिंगापुरात आपण दहा जणांवर आलो, तरी रहीम अलीनं नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी करून दिली. पुढचा सामना १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. कोल्हापूरहून गोवा म्हणजे अंगणच. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत जीप निघाली. मागच्या सीटवर आण्णा, गुडघा लांब करून. आंबोलीच्या धुक्यात त्यांनी आपली योजना सांगितली. कोचच्या बाकामागची जागा धरायची आणि उत्तरार्धात मराठीत ओरडायचं. ‘‘मुंबईत एवढी वर्षं काढलीत. कळणारच. सिंगापूरच्या कोचला न्हाई कळायचं. ह्यो आपला ॲडव्हान्टेज.’’

चौदाव्या मिनिटाला छांगटेनं लांबून चेंडू हाणला आणि गोल. आण्णांनी शेजारच्या अनोळखी गोवेकराला मिठी मारली. दोघं कोंकणी-मराठीत एकमेकांना काहीतरी सांगत राहिले. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-यंगनं बरोबरी केली. आण्णा उठून कठड्याशी गेले. खाली खालिद जमील रेषेजवळ उभे होते, नेहमीसारखे, फार न बोलता.

‘‘खालिदभाई! ओ खालिदभाई! हाफला माणूस वाढवा! मधे मोकळं हाय!’’

उत्तर आलं नाही. ५८ व्या मिनिटाला त्याच साँगनं दुसरा गोल केला. मग संघात बदल झाले, तसे ते प्रत्येक सामन्यात होतात; पण प्रत्येक बदलाला आण्णा मागं वळून आमच्याकडं बघत होते, अर्ज मंजूर झाल्यासारखे. २-१ नं आपण हरलो. सौदीतल्या २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. परतीच्या वाटेवर सावंतवाडीपर्यंत जीपमध्ये कुणी बोललं नाही. पुढं घाटात आण्णाच म्हणाले, ‘‘ऐकू गेलं असतं तर वाचलो असतो.’’

नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून आपण ०-१ नं हरलो. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सगळे मॉयेसची वाट बघत होते. पोरांनी तर आधीच सुरू केलं होतं: काढा, परदेशी आणा, झावीलाच खरंखुरं विचारा. आण्णांनी पेपर उघडला, बंद केला.

‘‘काढून काय हुणार? पोरं मॅच खेळालीत कुठं? लीगच न्हाई. महिना-महिना बॉलला पाय न्हाई लागत, आणि मग धा दिवसांत कोचनं काय जादू करायची? आमच्या तालमीची पोरं ह्यांच्यापेक्षा जास्त मॅच खेळत्यात.’’

कट्टा चकित झाला. हा माणूस इतके दिवस हे जाणून होता आणि तरी दर वेळी कोचचीच पत्रिका मांडत होता? तसं मी त्यांना विचारलंही. आण्णांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. ‘‘महासंघ बदलता येतोय व्हय मला? कोच बदलतोय. जे बदलतंय त्यावर बोलायचं.’’

मला वाटतं, भारतीय फुटबॉलवर इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. एरवी चर्चासत्रांतून बोलतात ते पगार घेऊन बोलतात आणि शेवटी कोच बदला असंच सुचवतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा अख्खं शहर टीव्हीपुढं होतं. तशी पोरं आणखी यायची असतील तर त्यांना वर्षभर खेळायला मैदान आणि लीग हवी, हे आण्णांच्या गुडघ्यालाही कळतं.

एवढं बोलून आण्णा थांबले असते तर हा लेख जरा वजनदार झाला असता. पण त्यांनी चहाचा घोट घेतला. खालिदना आणखी वेळ द्यावा, माणूस भारी आहे, असं म्हणाले. आम्ही थांबलो. आणि ते आलंच.

तेव्हा महासंघाला आमच्या गल्लीतर्फे नम्र विनंती, की ही जागा पुन्हा कधी रिकामी झालीच तर अर्ज फक्त ईमेलनं मागवू नयेत, टपालाचा पत्ताही द्यावा. ईमेलनं झावी येतो. आमच्या आण्णांना ईमेल जमत नाही. त्यांचा अर्ज रजिस्टर पोस्टानं येईल, आणि खालची सही खरी असेल.